दरवर्षी ठरावीक टक्के वाढ: भाडे, विक्री आणि लोकसंख्या यांचे गणित कसे मांडावे

आपण विचारलेले तीन प्रश्न आधी एकत्र मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही उत्तराचा धागा सापडेल. नागपूरच्या सीताबर्डीत शालेय साहित्याच्या दुकानासाठी आपण नऊ वर्षांच्या करारावर गाळा घेत आहात. पहिल्या वर्षाचे भाडे दरमहा २०,००० रुपये असून पुढे दरवर्षी ६ टक्के वाढ ठरली आहे. आपल्या हिशेबाने नवव्या वर्षी भाडे २९,६०० रुपये होते, तर लेखापालांच्या तक्त्यात ते ३१,८७७ रुपये दिसते. यांपैकी खरे कोणते, हा पहिला प्रश्न. वर्षाला ६ टक्के म्हणजे महिन्याला अर्धा टक्का धरावा का, हा दुसरा. जुन्या जागेतील गेल्या चार वर्षांची विक्री अनुक्रमे १८ लाख, २२.४ लाख, २७.१ लाख आणि ३१.५ लाख रुपये होती. तेव्हा बँकेला द्यायच्या प्रकल्प अहवालात पुढील पाच वर्षांची विक्री याच सूत्राने दाखवता येईल का, हा तिसरा.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे नेमकी आहेत आणि ती लवकर देता येतात. तिसऱ्याचे तसे नाही. माझी नोकरी पाणीपुरवठा योजनांसाठी गावांच्या व शहरांच्या लोकसंख्येचे अंदाज बांधण्यात गेली, आणि तिथे सूत्र चुकल्याने बिघडलेले अंदाज मी क्वचितच पाहिले. सूत्र बरोबर, पण ते लावण्याची जागा चुकीची, असे मात्र वारंवार पाहिले. म्हणून तिसऱ्या प्रश्नाला या उत्तरात जास्त जागा दिली आहे.

आपल्या आणि लेखापालांच्या आकड्यांत बेरजेची किंवा गुणाकाराची चूक कोणाचीच नाही. फरक आहे तो ६ टक्के कशावर मोजायचे यात. आपण ६ टक्के नेहमी मूळ २०,००० रुपयांवर मोजलेत, म्हणून दरवर्षी १,२०० रुपयेच वाढले आणि आठ वाढींनंतर २९,६०० रुपये झाले. लेखापालांनी प्रत्येक वर्षी त्या-त्या वेळच्या भाड्यावर ६ टक्के मोजले. म्हणजे पहिली वाढ १,२०० रुपयांची, दुसरी २१,२०० रुपयांवर म्हणून १,२७२ रुपयांची, तिसरी २२,४७२ रुपयांवर म्हणून सुमारे १,३४८ रुपयांची, आणि पुढेही तसेच. शाळेत सरळव्याज आणि चक्रवाढ व्याज म्हणून जे शिकलो, तोच हा भेद. करारात ‘मागील वर्षाच्या भाड्यावर’ असे शब्द असतील तर लेखापालांचा आकडा लागू होतो. ‘मूळ भाड्यावर’ असे असतील तर आपला. नुसते ‘दरवर्षी ६ टक्के वाढ’ एवढेच लिहिले असेल तर व्यवहारात त्याचा अर्थ चालू भाड्यावर वाढ असाच घेतला जातो, पण मोघम शब्दांवर नऊ वर्षे काढण्यापेक्षा सही करण्यापूर्वी ते दोन शब्द घालून घेणे बरे.

चालू रकमेवर मोजलेली टक्केवारी म्हणजे प्रत्यक्षात गुणाकार असतो, एवढे ध्यानात घेतले की पुढचे सगळे सोपे होते. ६ टक्के वाढवणे म्हणजे १.०६ ने गुणणे. सलग दोनदा वाढवणे म्हणजे १.०६ ने दोनदा गुणणे, आणि आठ वेळा वाढवणे म्हणजे १.०६ च्या आठव्या घाताने गुणणे. घातासाठी ^ हे चिन्ह वापरले (एक्सेलमध्येही तेच चालते) तर सूत्र असे लिहिता येईल:

अंतिम रक्कम = मूळ रक्कम × (१ + दर)^काळ

यात दर शेकड्यात न लिहिता अपूर्णांकात लिहायचा असतो, म्हणजे ६ टक्क्यांसाठी ०.०६. कंसातील १.०६ या संख्येला मी वाढगुणक म्हणतो. काळ हा चल घाताच्या जागी बसतो म्हणून या फलाला घातांकी फल म्हणतात, आणि समान अंतराने त्याच्या किमती घेतल्या की भूमितीय श्रेढी मिळते. आपल्या उदाहरणात २०,००० × १.०६^८ = ३१,८७७ रुपये. इथे घात आठ आहे, नऊ नाही, कारण पहिल्या वर्षी वाढ नाही आणि नववे वर्ष सुरू होईपर्यंत वाढ आठ वेळाच लागलेली असते. चुकून नऊ घातले तर ३३,७९० रुपये येतात. ते दहाव्या वर्षाचे भाडे होईल. वर्षे मोजायची की वर्षांमधील वाढी मोजायच्या, हा घोटाळा अनेक छापील तक्त्यांतही आढळतो. काळ शून्य ठेवल्यावर सूत्राने पहिल्या वर्षाचीच रक्कम द्यायला हवी, ही त्याची साधी तपासणी आहे.

नवव्या वर्षी दोन्ही हिशेबांत महिन्याला २,२७७ रुपयांचा फरक दिसतो, पण आपल्याला तो नऊही वर्षे थोडा-थोडा भरायचा आहे. भूमितीय श्रेढीची बेरीज केली तर नऊ वर्षांचे एकूण भाडे २७,५७,९१६ रुपये होते आणि सरळ पद्धतीने २६,७८,४०० रुपये. म्हणजे त्या दोन शब्दांची किंमत सुमारे ७९,५०० रुपये आहे.

करार अजून झालेला नसेल तर आणखी एक गोष्ट तपासून पाहा. दुकानांच्या गाळ्यांसाठी ‘दर तीन वर्षांनी १५ टक्के’ अशी अटही पुष्कळदा असते, आणि ती ‘दरवर्षी ५ टक्के’ याच्या बरोबरीची आहे असे दोन्ही बाजू समजतात. ती तशी नाही. १.०५ चा घन १.१५७६ येतो, म्हणजे दरवर्षी ५ टक्क्यांनी तीन वर्षांत १५.७६ टक्के वाढ होते. उलट तीन वर्षांत १५ टक्क्यांसाठी वार्षिक दर १.१५ च्या घनमुळातून, म्हणजे ४.७७ टक्के निघतो. दरांतील हा फरक फारसा नाही. मात्र एकूण रक्कम काढली की चित्र बदलते: २०,००० रुपयांपासून सुरुवात करून दरवर्षी ५ टक्के वाढीने नऊ वर्षांचे भाडे सुमारे २६,४६,४०० रुपये होते आणि तीन वर्षांनी १५ टक्के वाढीने २५,००,२०० रुपये. जवळजवळ १,४६,००० रुपयांच्या या तफावतीत दराच्या फरकाचा वाटा फक्त २५,००० रुपयांचा आहे. उरलेली सगळी रक्कम वाढ उशिरा लागू होण्याने वाचते. भाडेकरूने घासाघीस करायची तर दर अर्धा टक्का खाली आणण्यापेक्षा वाढीमधले अंतर वाढवून घेणे अधिक लाभाचे ठरू शकते, आणि घरमालकही ते लवकर मान्य करतात, कारण १५ हा आकडा ५ पेक्षा मोठा दिसतो.

आता दुसरा प्रश्न. वर्षाला ६ टक्के म्हणजे महिन्याला अर्धा टक्का नव्हे. महिन्याला अर्धा टक्का वाढ बारा वेळा लागली तर १.००५^१२ = १.०६१७, म्हणजे वर्षाची वाढ ६.१७ टक्के होते. वार्षिक वाढ नेमकी ६ टक्के हवी असेल तर मासिक वाढगुणक १.०६ चे बारावे मूळ घेऊन काढावा लागतो, तो १.००४८७ येतो, म्हणजे महिन्याला ०.४८७ टक्के. दराला बाराने भागणे हे सरळव्याजाच्या जगातले आहे. घातांकी वाढीत काळाचे एकक बदलायचे तर वाढगुणकाचे मूळ किंवा घात घ्यावा लागतो.

हा फरक क्षुल्लक वाटेल, पण आपल्या घरातील बचतीच्या कागदांवर तो छापलेला असतो. टपाल खात्याच्या पाच वर्षांच्या मुदत ठेवीवर ७.५ टक्के व्याज असताना व्याजाची आकारणी तिमाही असल्याने १०,००० रुपयांवर वर्षाअखेर ७५० नव्हे तर ७७१ रुपये मिळतात, कारण १.०१८७५ चा चौथा घात १.०७७१ आहे. किसान विकास पत्र ७.५ टक्के दराने ११५ महिन्यांत दुप्पट होते. तिथे आकारणी वार्षिक आहे, आणि १.०७५ चा कोणता घात २ होतो हे लॉगॅरिथमने शोधले तर ९.५८ वर्षे, म्हणजे बरोबर ११५ महिने येतात. लॉगॅरिथम हाताशी नसेल तर ७२ ला दराने भागण्याची जुनी युक्ती ९.६ वर्षे सांगते, जी या दराला पुरेशी नेमकी आहे. तेच ७.५ टक्के सरळव्याजाने मिळाले असते तर दुप्पट व्हायला १६० महिने लागले असते.

आपल्या भाड्याच्या बाबतीत मात्र मासिक दर काढण्याची गरजच नाही, कारण भाडे महिन्यागणिक वाढत नाही. ते वर्षभर स्थिर राहते आणि वर्षाच्या सुरुवातीला एकदम चढते. त्याचा आलेख जिन्यासारखा आहे, आणि घातांकी वक्र त्या जिन्याच्या पायऱ्यांच्या कोपऱ्यांतून जातो. म्हणून काळाच्या जागी दीड वर्ष घालून मिळणाऱ्या आकड्याला लोकसंख्येच्या बाबतीत अर्थ आहे, भाड्याच्या बाबतीत नाही. याच कारणाने सूत्रात e ही संख्या (सुमारे २.७१८, नैसर्गिक लॉगॅरिथमचा पाया) वापरण्याचाही इथे उपयोग नाही. ज्यांना ती वापरायची असेल त्यांनी एवढेच पाहावे की e च्या घातात वार्षिक दर ०.०६ जसाच्या तसा न टाकता १.०६ चा नैसर्गिक लॉगॅरिथम, म्हणजे ०.०५८३ टाकायचा असतो. नाहीतर ६ टक्क्यांचे ६.१८ टक्के होतात.

ठरवून दिलेल्या नियमाने होणारी वाढ घातांकी सूत्रात किती चपखल बसते, याचे एक चांगले उदाहरण नागपुरात हजारो घरांत आहे. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात केंद्र सरकारच्या पहिल्या स्तराचे मूळ वेतन १८,००० रुपयांपासून सुरू होते आणि प्रत्येक पुढचा टप्पा ३ टक्क्यांनी वाढवून जवळच्या शंभरात बसवलेला आहे: १८,५००, १९,१००, १९,७००, २०,३०० असे. चाळिसाव्या टप्प्यावर ते ५६,९०० रुपये आहे. सूत्राने १८,००० × १.०३^३९ केले तर सुमारे ५७,००० येतात. एकोणचाळीस वेळा शंभराच्या पटीत बसवूनही फरक जेमतेम शंभर रुपयांचा पडतो. आपले भाडे याच जातीचे आहे, कारण वाढीचा दर कोणीतरी आधी ठरवून कागदावर लिहिला आहे.

विक्रीचा दर असा कोणी ठरवून दिलेला नसतो, आणि तिसरा प्रश्न इथेच वेगळा होतो. विक्री घातांकी पद्धतीने वाढते असे म्हणणे म्हणजे वर्षा-वर्षांतील गुणोत्तर स्थिर आहे असा दावा करणे. हा दावा आपल्याच आकड्यांवर तपासता येतो, आणि तपासायलाच हवा. प्रत्येक वर्षाच्या विक्रीला आधीच्या वर्षाच्या विक्रीने भागा: २२.४ भागिले १८ म्हणजे १.२४४, २७.१ भागिले २२.४ म्हणजे १.२१०, ३१.५ भागिले २७.१ म्हणजे १.१६२. वाढ २४.४ टक्के, मग २१ टक्के, मग १६.२ टक्के. गुणोत्तर स्थिर नाही, ते दरवर्षी उतरते आहे. आता भागाकाराऐवजी वजाबाकी करून पाहा: ४.४ लाख, ४.७ लाख, ४.४ लाख. हे आकडे जवळजवळ सारखे आहेत. म्हणजे आपली विक्री दरवर्षी ठरावीक टक्क्यांनी वाढत नसून ठरावीक रकमेने, सुमारे साडेचार लाखांनी, वाढते आहे. हाती असलेल्या पुराव्यावरून ती सरळ रेषेत जाणारी वाढ आहे.

प्रकल्प अहवाल तयार करणारे बहुधा असे करतात: पहिले वर्ष १८ लाख, शेवटचे ३१.५ लाख, मध्ये तीन वाढी, म्हणून १.७५ चे घनमूळ घेऊन सरासरी वार्षिक वाढ २०.५ टक्के. या आकड्यात गणिताची चूक नाही. टक्केवारींची साधी सरासरी काढण्यापेक्षा हीच रीत बरोबर आहे. एका वर्षी ४० टक्के वाढ, दुसऱ्या वर्षी १० टक्के घट आणि तिसऱ्या वर्षी १२ टक्के वाढ झाली तर साधी सरासरी १४ टक्के येते, प्रत्यक्षात मात्र तीन वर्षांत १.४ × ०.९ × १.१२, म्हणजे १.४११ पट होऊन वार्षिक दर १२.२ टक्केच पडतो. पण घनमुळाच्या रीतीत फक्त पहिले आणि शेवटचे वर्ष वापरले जाते, मधली दोन वर्षे पाहिलीही जात नाहीत, आणि दर उतरतो आहे ही सर्वांत महत्त्वाची बातमी त्या मधल्या वर्षांतच दडलेली असते. २०.५ टक्के दराने पुढील पाच वर्षे ओढली तर पाचव्या वर्षाची विक्री सुमारे ८० लाख रुपये निघते. दरवर्षी साडेचार लाखांनी वाढवली तर ती ५४ लाख होते. एकाच दुकानाच्या त्याच चार आकड्यांवरून २६ लाखांचे अंतर पडते, आणि कर्जाचा हप्ता यांपैकी एका आकड्यावर ठरणार आहे.

असेच वळण नागपूर शहराच्या लोकसंख्येत दिसते, म्हणून ते इथे देतो. जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या १९८१ मध्ये सुमारे १२.१९ लाख, १९९१ मध्ये १६.२५ लाख, २००१ मध्ये २०.५२ लाख आणि २०११ मध्ये २४.०६ लाख होती. दशकाची वाढ टक्क्यांत ३३.३, मग २६.३, मग १७.३, लाखांत मात्र ४.०६, ४.२७ आणि ३.५४. समजा १९९१ साली कोणी मागच्या दशकाचा ३३.३ टक्के दर पुढील दोन दशकांना लावला असता, तर २०११ साठी सुमारे २८.९ लाख हा आकडा निघाला असता, म्हणजे प्रत्यक्षापेक्षा जवळजवळ पाच लाख जास्त. त्याच वेळी दशकाला ४.०६ लाख एवढीच साधी भर घातली असती तर २४.४ लाख आले असते, जे प्रत्यक्षाच्या अगदी जवळ आहे.

पाणीपुरवठ्याच्या आराखड्यात म्हणूनच एका पद्धतीवर विसंबत नाहीत. अंकगणितीय पद्धतीत दशकांची सरासरी भर घालतात, भूमितीय पद्धतीत सरासरी गुणोत्तराने गुणतात, आणि वाढत्या भरीच्या पद्धतीत भरीमध्ये होत गेलेला बदलही हिशेबात घेतात. वरच्याच चार जनगणनांवरून २०२१ चा अंदाज काढला तर या तीन पद्धतींनी अनुक्रमे २८.० लाख, ३०.२ लाख आणि २७.८ लाख येतात. २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही, त्यामुळे २०११ नंतरचा नागपूरच्या लोकसंख्येचा कोणताही आकडा वाचला तरी तो मोजलेला नसून असाच कोणत्या तरी पद्धतीने काढलेला आहे, हे लक्षात असू द्यावे. दहा वर्षांच्या पल्ल्यात पद्धतींमधला फरक दोन-अडीच लाखांचा आहे. योजना साधारण ३० वर्षांची आखतात. २०४१ पर्यंत गेलो तर भूमितीय पद्धत ४७.५ लाख सांगते आणि अंकगणितीय ३५.९ लाख. माणशी रोज १३५ लिटर या मापाने मधल्या साडेअकरा लाख माणसांचे पाणी दिवसाला साडेपंधरा कोटी लिटर होते. अस्तित्वातच नसलेल्या माणसांसाठी एवढे पाणी आणायचे, की असलेल्यांना ते कमी पाडायचे, हे त्या एका निवडीवर ठरते.

घातांकी सूत्राचा हा स्वभाव आहे की दरातील थोडा फरक जवळच्या काळात दिसत नाही आणि दूरच्या काळात आवरत नाही. वर्षाला १.६ टक्के आणि २.४ टक्के हे दर कागदावर शेजारी-शेजारी वाटतात. पहिल्या दराने ३० वर्षांत ६१ टक्के वाढ होते, दुसऱ्याने लोकसंख्या दुपटीच्याही किंचित पुढे जाते. हे दोन दर मी हवेतून घेतलेले नाहीत. २००१ ते २०११ या दशकात नागपूरचा वार्षिक दर १.६ टक्के पडतो आणि त्याआधीच्या दशकात २.४ टक्के, म्हणजे मागचे कोणते दशक प्रमाण मानायचे एवढ्या एका निर्णयावर ही तफावत उभी आहे. (दशकाच्या १७.३ टक्क्यांना दहाने भागून १.७३ टक्के लिहिणारे आढळतात. तीही वर सांगितलेली भागण्याचीच चूक आहे.)

गुणोत्तर का उतरते, याचे उत्तर प्रत्येक विषयात वेगळे असले तरी मुळाशी एक गोष्ट समान असते. घातांकी वाढीत जेवढे आहे तेच पुढच्या वाढीला जन्म देते: व्याजावर व्याज चढते, पेशीपासून पेशी होतात. जिथे ही यंत्रणा खरोखर चालू आहे तिथे हे सूत्र नैसर्गिक आहे. आपल्या दुकानात समाधानी गिराइकाने दुसरे गिराईक आणणे हा तसा भाग आहे, पण परिसरातील शाळा, शिकवणी वर्ग आणि कार्यालये यांची संख्या ठरलेली आहे, काउंटरवर एका वेळी उभ्या राहणाऱ्या माणसांनाही मर्यादा आहे, आणि सुरुवातीची वेगवान वाढ ही मर्यादा दूर असेपर्यंतच टिकते. वाढ मर्यादेकडे जाताना मंदावते हे दाखवणारे समीकरण बेल्जियमचे गणितज्ञ पिएर-फ्रांस्वा वेरहुल्स्ट यांनी लोकसंख्येच्या संदर्भात १८३८ सालीच मांडले होते. चार आकड्यांवर ते समीकरण बसवण्याचा आग्रह मी धरणार नाही; चार बिंदूंतून मर्यादा शोधणे म्हणजे आपल्याला हवी ती मर्यादा शोधणे होय.

आपल्या विक्रीची तपासणी करताना आणखी दोन गोष्टी सांभाळा. पहिली हंगामाची. विदर्भातील शाळा उन्हामुळे राज्यातील इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्यामुळे शालेय साहित्याच्या दुकानाची मे ते जुलै ही विक्री कोणत्याही टक्केवारीला झुलवून टाकेल. महिन्याची तुलना मागच्या महिन्याशी न करता मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा, किंवा पूर्ण आर्थिक वर्षच घ्या. अहवालात मासिक वाढीचा दर लिहिलेला असेल तर तो काढून टाकण्याचा सल्ला मी देईन.

दुसरी गोष्ट किमतीची. विक्रीची रक्कम वाढली त्यात वह्या-पुस्तकांच्या वाढलेल्या किमतीचा वाटा असतोच. समजा गेल्या वर्षी आपल्या मालाच्या किमती सरासरी ५ टक्क्यांनी वाढल्या, तर १६.२ टक्के वाढीतून ५ वजा करून ११.२ टक्के म्हणणे जवळपास चालते, पण नेमके उत्तर १.१६२ भागिले १.०५, म्हणजे १०.७ टक्के हे आहे. खरेदीच्या पावत्यांवरून आपल्या मालाचा हा आकडा आपणच काढा. देशाच्या सरासरी महागाईचा आकडा वहीच्या कागदाला लागू पडेलच असे नाही.

गुणोत्तरांची तपासणी डोळ्यांनी करायची असेल तर आकडे आलेखावर मांडून उभा अक्ष लॉगॅरिथमचा निवडा. संगणकाआधी आम्ही यासाठी अर्ध-लॉग आलेखाचा कागद विकत आणत असू. आता एक्सेलमध्ये अक्षाच्या पर्यायांत एक खूण केली की पुरते. अशा आलेखावर घातांकी वाढ सरळ रेषेत दिसते आणि आपल्यासारखी ठरावीक रकमेची वाढ खाली झुकत जाते. साध्या आलेखावर मात्र थोडी वर्षे असताना दोन्ही सारख्याच दिसतात, आणि वक्र वर जातो आहे एवढ्यावरून वाढ घातांकी आहे असे ठरवणाऱ्यांची फसगत तिथेच होते.

आता प्रकल्प अहवालात काय लिहावे ते सांगतो. मुख्य अंदाज दरवर्षी साडेचार लाखांच्या वाढीचा ठेवा: ३६, ४०.५, ४५, ४९.५ आणि ५४ लाख. बँकेच्या नमुन्यात वाढ टक्क्यांत मागितली असेल तर हेच आकडे १४.३, १२.५, ११.१, १० आणि ९.१ टक्के असे लिहिता येतात. दर उतरता दाखवल्याने अहवाल दुबळा दिसेल अशी भीती बाळगू नका, मागील तीन वर्षांचा कल पाहणाऱ्याला तो अधिक विश्वासार्ह वाटेल. दर १४ टक्क्यांपासून दरवर्षी एकेक टक्का उतरवत १० टक्क्यांपर्यंत आणला तर पाचव्या वर्षी ५५.५ लाख येतात, म्हणजे दोन वेगळ्या वाटांनी जाऊनही आपण जवळपास त्याच ठिकाणी पोहोचतो. २०.५ टक्क्यांचा ८० लाखांचा आकडा द्यायचाच असेल तर तो आशावादी अंदाज म्हणून वेगळ्या रकान्यात द्या, आणि कर्जाचा हप्ता त्यावर अवलंबून ठेवू नका. नवीन जागा मोठी असल्याने विक्री एकदम वाढेल असा आपला अंदाज असेल तर ती भर एकदाच्या उडीच्या रूपात पहिल्या वर्षात घाला, दरात मिसळू नका. शहराची हद्द वाढल्याने वाढलेली लोकसंख्याही आम्ही अशीच वेगळी दाखवत असू.

भाडे आणि विक्री एकाच तक्त्यात शेजारी मांडल्यावर एक गोष्ट आपल्याला दिसेल. भाडे दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढत राहणार आहे, विक्री साडेचार लाखांनी. आज साडेचार लाख म्हणजे विक्रीच्या १४ टक्के असल्याने भाड्याचा भार दरवर्षी हलका होत जाईल. विक्री ७५ लाखांवर पोहोचली की तेच साडेचार लाख बरोबर ६ टक्के होतील, आणि त्यानंतर भाडे विक्रीपेक्षा वेगाने वाढू लागेल. सरळ वाढीच्या हिशेबाने तो टप्पा आजपासून साडेनऊ ते दहा वर्षांनी येतो, म्हणजे हा करार संपून नवा होण्याच्या सुमारास. या नऊ वर्षांसाठी ६ टक्क्यांची अट आपल्याला पेलण्याजोगी आहे. मात्र मुदतवाढीचे कलम याच दराने आताच लिहून देऊ नका, आणि घरमालकांनी आग्रह धरलाच तर त्या पुढच्या काळासाठी दर तीन वर्षांनी १५ टक्क्यांची अट मागून पाहा.